सन १६७० ची शकावली आणि वऱ्हाड

इतिहासाच्या साधनांत शकावलीला आम्ही मोठा मान देतों, आणि तो योग्यच आहे. बखरकार प्रसंग रंगवून सांगतो, पोवाडेकार तो चढवून सांगतो, करिन्यांत कुळाचा अभिमान डोकावतो. शकावली मात्र शक, मिती, माणूस व ठिकाण एवढेंच सांगून थांबते. तिच्या या मितभाषणामुळें ती नेहमींच सत्यवादी असते असा ग्रह होणें स्वाभाविक आहे. परंतु थोडें बोलणारा साक्षीदार खरें बोलतोच असा नियम नाहीं. त्याची उलटतपासणी करणें तेवढें अधिक अवघड असतें.

अलीकडे एकेका वर्षांतील ठळक घटनांचे तक्ते देण्याची चाल फार वाढली आहे. वर सन घालावा, खालीं पांचसात ओळी लिहाव्या, आणि त्या वर्षाचा इतिहास झाला असें समजावें. आमचें आयुष्य शाळेंत गेलेलें असल्यामुळें पाठांतराला हे तक्ते किती सोयीचे पडतात हें आम्ही जाणतों. संशोधकानें त्यांवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न निराळा आहे. तो सोडविण्यासाठीं सन १६७० हें एकच वर्ष घेऊन त्याचा तक्ता तपासावा असा या लेखाचा विचार आहे. मराठ्यांच्या इतिहासांत हें वर्ष अत्यंत गजबजलेलें आहे, आणि त्याच्या अखेरीस वऱ्हाडांतील कारंजें लुटलें गेलें. आम्ही राहतों तें किन्हीराजा आणि लाडांचें कारंजें हीं दोन्ही आज वाशीम जिल्ह्यांत मोडतात. आपल्या शेजारच्या गांवासंबंधीं ग्रंथांत एक ओळ येते, ती कोठून आली व तिच्यामागें काय आहे हें पाहणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

सामान्य तक्त्यांत या वर्षाखालीं पुढील नोंदी आढळतात. ४ फेब्रुवारी, सिंहगड घेतला, तानाजी मालुसरे पडले. २४ फेब्रुवारी, राजारामाचा जन्म. ८ मार्च, पुरंदर घेतला. ३ ऑक्टोबर, सुरतेची दुसरी लूट. १७ ऑक्टोबर, वणी-दिंडोरीची लढाई. वर्षाच्या अखेरीस कारंज्याची लूट. या सहांपैकीं एकही नोंद खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा आक्षेप मांडणीवर आहे, व तो तीन प्रश्नांच्या रूपानें सांगतां येईल. वर्ष कोणाचें? तारीख कोणाची? आणि साक्ष कोणाची?

(१) ग्रीकांचा दाखला

हे प्रश्न आमच्याच वांट्यास आले आहेत असें नाहीं. प्राचीन ग्रीकांच्या इतिहासकारांना ते आमच्याहून फार आधीं भेडसावून गेले. ग्रीसमध्यें प्रत्येक नगराचें वर्ष वेगळें होतें. अथेन्समध्यें त्या वर्षाच्या आर्कन नांवाच्या अधिकाऱ्यावरून, स्पार्टांत एफर नांवाच्या अधिकाऱ्यावरून, आणि आर्गॉस येथें हीरा देवीच्या पुजारिणीच्या कारकीर्दीवरून वर्ष ओळखीत. इ. स. पू. ४३१ मध्यें थीब्झच्या लोकांनीं प्लॅटीआवर रात्रीं घाला घातला आणि पेलोपोनेशियन युद्धाला तोंड लागलें. तो प्रसंग कालांत बसवितांना थ्युसिडिडीझला ह्या तिन्ही गणना एका वाक्यांत गोंवाव्या लागल्या. आर्गॉसच्या क्रायसिस पुजारिणीचें अठ्ठेचाळिसावें वर्ष, स्पार्टांत एनेसियस एफर, अथेन्समध्यें पायथोडोरस आर्कन, असे तीन खुंट त्यानें ठोकले, आणि वसंताचा आरंभ होता हेंही सांगितलें. पुढें साऱ्या ग्रंथांत त्यानें अधिकाऱ्यांच्या याद्या बाजूस ठेवून उन्हाळा व हिवाळा या दोन भागांनीं वर्षें मोजलीं. अमुक अधिकाऱ्याच्या वर्षांत एवढें म्हटल्यानें घटना त्या वर्षाच्या आरंभीं झाली, मध्यें झाली कीं शेवटीं, तें कळत नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. अथेन्सचें वर्ष ऐन उन्हाळ्यांत सुरू होई, म्हणजे मोहिमेच्या मध्येंच वर्ष पालटे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या अभिप्रायाचें मर्म कळतें.

दुसरें उदाहरण इ. स. पू. ४८० या वर्षाचें. थर्मापिली, सॅलॅमिस व सिसिलींतील हिमेरा या तीन लढाया त्या एका वर्षांत मोडतात. हिमेरा येथें ग्रीकांनीं कार्थेजच्या सैन्याचा पराभव केला, तो सॅलॅमिसच्याच दिवशीं, असें हिरोडोटस सांगतो. तो दिवस थर्मापिलीचा होता, असें पुढें डायोडोरस सांगतो. थर्मापिली व सॅलॅमिस यांमध्यें कित्येक दिवसांचें अंतर असल्यामुळें दोन्ही विधानें एकदम खरीं असूं शकत नाहींत. दोन मोठ्या घटना एका वर्षाच्या चौकटींत आल्या म्हणजे त्यांना एका दिवशीं आणून बसविण्याचा मोह लेखकाला किती अनावर होतो, याचा हा नमुना आहे.

तिसरें उदाहरण आमच्या शकावलीला सर्वांत जवळचें. पॅरॉस बेटावर कोरलेली एक कालावली आहे. तिचा कर्ता इ. स. पू. २६४-६३ या आपल्या वर्षापासून मागें मोजीत जातो, आणि प्रत्येक नोंदींत किती वर्षें झालीं व अथेन्समध्यें त्या वेळीं कोण होता तें देतो. पौराणिक केक्रॉप राजा व मॅरेथॉनची लढाई या दोहोंना तो सारख्याच ठाम आंकड्यांनीं नोंदवितो. आंकडा ठाम आहे म्हणून घटना ठाम ठरत नाहीं, हा पहिला धडा. दुसरा धडा संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. या शिळेचा मोठा भाग १६२७ सालीं लंडनला आला, आणि जॉन सेल्डन या विद्वानानें त्याची नक्कल लगेच छापली. पुढें शिळेचा वरचा भाग नाहींसा झाला. शेकोटीच्या दुरुस्तींत तो खपला असें सांगतात. आज त्या भागाचा मजकूर ठाऊक आहे तो केवळ सेल्डनच्या नकलेमुळें.

(२) वर्ष कोणाचें?

आतां आपल्या तक्त्याकडे वळूं. सिंहगड घेतला ती मिती माघ वद्य ९, शके १५९१, सौम्य संवत्सर. तक्ता हिला १६७० मध्यें घालतो, तें आजच्या जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणें बरोबर आहे. पण तो दिवस ज्यांनीं पाहिला त्यांच्या कागदांत १६७० हा आंकडा कोठें होता? मराठी दफ्तरांत सुहूर सन सबैन अलफ, म्हणजे १०७०, चालू होता. मोंगलांच्या अखबारांत हिजरी १०८० चा रमजान होता. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेनें तीच तिथि माघाची न राहतां फाल्गुन वदि ९ होते, आणि विक्रम संवत् १७२६ पडतो. इंग्रज वखारवाल्यांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चला पालटत असे. त्यामुळें त्यांच्या जुन्या रीतीनें तो दिवस १६६९ चाच होता. एका रात्रीच्या या घटनेला इतकीं वर्षें आहेत, आणि त्यांतील प्रत्येक वर्ष आपापल्या दफ्तरांत खरें आहे.

पुरंदरची गोष्ट याहून बोलकी आहे. निळोपंतांनीं तो किल्ला घेतला ८ मार्चला, म्हणजे फाल्गुन वद्य १२ रोजीं. शके १५९१ संपावयास तेव्हां तीनच तिथि उरल्या होत्या. राजारामाचा जन्म फाल्गुनी पौर्णिमेचा, तोही त्याच शकांतला. तेव्हां शके १५९२, साधारण संवत्सर, या मथळ्याखालीं जो शकावली पाहील त्याला त्यांत सिंहगड, राजारामजन्म व पुरंदर हीं तिन्ही सांपडणार नाहींत. उलट १६७१ च्या जानेवारींत घेतलेला साल्हेरचा किल्ला त्याला या शकांत मिळेल, आणि सन १६७० च्या तक्त्यांत तो मिळणार नाहीं. म्हणजे शक धरला तर वसंतांतील मोहिमेचें डोकें तुटतें, आणि सन धरला तर हिंवाळ्यांतील मोहिमेचे पाय तुटतात. सुरत, दिंडोरी, कारंजें व साल्हेर ही एका दमाची मोहीम आहे. दसऱ्यानंतर ती निघाली, आणि इंग्रजी वर्षाच्या अखेरीचें भान तिला असण्याचें कारण नव्हतें.

आमची सूचना अशी कीं, सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी घटनांचा वार्षिक तक्ता करतांना सन व शक हे दोन्ही मथळे बाजूस ठेवून एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचें मोहिमेचें वर्ष धरावें. सुहूर सन मृगाला पालटतो, आणि मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यांत छावणीस जात. त्यामुळें जुन्या कागदांशीं व मोहिमांच्या ओघाशीं या मापाचा मेळ आपोआप बसतो. थ्युसिडिडीझनें आपल्या देशाच्या हवापाण्याला जुळेल असें माप घेतलें. आमच्या देशाला जुळणारें माप आमच्याच दफ्तरांत तयार आहे. फसली सनाच्या बाबतींत मात्र विशेष सावध असावें. दक्षिणी व उत्तरी फसलींत सुमारें सव्वादोन वर्षांचें अंतर आहे, आणि वऱ्हाडासारख्या सरहद्दीवरच्या सुभ्याचा कागद हातीं आला असतां त्यांतील फसली कोणती, हें कागदाच्या इतर अंगांवरून ठरविल्याशिवाय आंकडा उतरूं नये.

वर्षाचें नांव स्थानिक असतें याचा याहून जुना पुरावा आमच्या जिल्ह्यांतच आहे. वाशीम येथें १९३९ सालीं उजेडांत आलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट राज्यवर्ष ३७ चा आहे. सदतीस हा आंकडा अगदीं स्पष्ट आहे. पण त्या राजाच्या राज्यारोहणाचें वर्ष ज्याला ठाऊक नाहीं त्याला त्याचा सरळ उपयोग नाहीं. आर्गॉसच्या पुजारिणीचें अठ्ठेचाळिसावें वर्ष व वत्सगुल्माच्या राजाचें सदतिसावें वर्ष हीं एकाच जातीचीं आहेत.

(३) तारीख कोणाची?

वर्ष ठरलें तरी तारखेचा घोळ उरतोच. सुरतेची दुसरी लूट ३ ऑक्टोबरला सुरू झाली असें आपण लिहितों. ही तारीख इंग्रजांची, म्हणजे जुन्या पद्धतीची आहे. इंग्रजांनीं नवी पद्धत १७५२ मध्यें स्वीकारली. त्याच सुरतेंत डच व फ्रेंच यांच्याही वखारी होत्या, आणि ते नवी पद्धत पाळीत. एका गल्लींत उभे राहून एकच धूर पाहणारे दोन वखारवाले त्या दिवसाला एक ३ ऑक्टोबर व दुसरा १३ ऑक्टोबर म्हणत होते. दोघांचीं पत्रें छापील ग्रंथांतून शेजारीं शेजारीं आलीं म्हणजे अनभ्यस्त वाचकाला लूट दहा दिवस चालली असें वाटेल, किंवा दोनदां झाली असें वाटेल.

हा दहा दिवसांचा फरक केवळ हिशेबी नाहीं. आम्ही तिथि काढून पाहिली. जुन्या पद्धतीचा ३ ऑक्टोबर १६७० हा आश्विन अमावास्येच्या आगेमागेंच येतो, म्हणजे ते दिवाळीचे दिवस होते. तीच तारीख नव्या पद्धतीची समजून तिथि काढली तर आश्विन वद्य चतुर्थी-पंचमीचा सुमार येतो, आणि प्रसंगाचें एक मोठें अंग हरवतें. गुजराथी सावकारांच्या वहीचें वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पालटतें. सुरतेच्या पेढ्यांत जुन्या वह्या मिटून विक्रम संवत् १७२७ च्या वह्या उघडण्याचे ते दिवस होते. शिवाजी महाराजांनीं वेळ मुद्दाम तशी साधली असें म्हणण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं. पण ज्या शहराचें वर्ष नुकतेंच सरत होतें त्याच्या नुकसानीचा हिशेब वाचतांना ही तिथि डोळ्यांपुढें असणें अवश्य आहे.

मोडकांची जंत्री व स्वामिकन्नु पिल्ले यांची १९२२ ची पंचांगावली हीं साधनें अभ्यासकाच्या हाताशीं आहेत, आणि आतां यंत्राच्या साह्यानें क्षणांत तिथीची तारीख मिळते. पण यंत्र बहुधा नव्या पद्धतीची तारीख देतें, आणि आमच्या छापील ग्रंथांतून १७५२ पूर्वींच्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीच्या आहेत. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही महाराजांची जन्मतिथि १९ फेब्रुवारी १६३० म्हणून लिहितात ती जुन्या पद्धतीनें. नव्या पद्धतीनें तो दिवस १ मार्च १६३० आहे. दोहोंचें मिश्रण एका तक्त्यांत झालें तर तो तक्ता फाडून टाकणें बरें. यासाठीं मूळ मिती, आणि रूपांतर कोणत्या पद्धतीनें केलें त्याची खूण, हीं दोन्ही प्रत्येक नोंदींत असलींच पाहिजेत.

(४) साक्ष कोणाची?

आतां तिसरा व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, आणि पुढें १९२५ च्या शिवचरित्रप्रदीपांत ती पुन्हां छापली गेली. शके १५४० ते १६१९ या काळाच्या ह्या नोंदींनीं शिवकालाचा कणा ताठ केला, यांत वाद नाहीं. तथापि तिचें प्रामाण्य तिच्या थोडक्यांत बोलण्यावर उभें नाहीं. महाराजांच्या जन्मतिथीच्या बाबतींत परमानंदाचें शिवभारत व जोधपूरकडील कुंडली या स्वतंत्र साधनांनीं तिला पाठिंबा दिला, म्हणून ती तेथें मान्य झाली. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलायचें तर शब्दप्रमाण तेव्हांच मानावें जेव्हां वक्ता आप्त असेल, आणि आप्तत्व परीक्षेनें ठरतें. जेधे घराणें मावळांतलें. मावळच्या घटनांना तें जितकें जवळ होतें तितकें वऱ्हाडांतील घटनांना असणें शक्य नव्हतें.

सुरतेसंबंधीं साक्षीदार पुष्कळ आहेत. इंग्रजांची वखार राखण्यासाठीं स्ट्रेनशॅम मास्टर तेथें स्वतः होता. मोंगल अधिकाऱ्यांनीं नुकसानीची चौकशी केली, तींतील आंकडे यदुनाथ सरकारांनीं दिले आहेत. शहरांतून ५३ लाखांचा व नवलसाहू, हरिसाहू आणि जवळचें एक खेडें यांचा मिळून १३ लाखांचा, एकूण ६६ लाखांचा ऐवज गेला. येथें बेरीज आहे, तिचे भाग आहेत, आणि नुकसान सोसणाऱ्यांचीं नांवेंही आहेत. चौकशीचा आंकडाही तपासून घ्यावा लागतो, परंतु तो तपासण्यास जागा तरी असते.

कारंज्यासंबंधीं काय आहे? सरकारांच्या ग्रंथांत असें येतें कीं, मराठ्यांची फौज बऱ्हाणपुराजवळचें बहादुरपुरा लुटून वऱ्हाडांत उतरली. कारंज्यांत सोनें, रुपें व उंची कापड मिळून एक कोटीचा ऐवज हातीं लागला. तो चार हजार बैल व गाढवें यांवर लादून नेला. गांवांतील सारे धनिक खंडणीसाठीं धरून नेले, आणि त्यांतील सर्वांत मोठा तेवढा स्त्रीवेषानें निसटला. एक कोटी व चार हजार हे दोन्ही आंकडे गोल आहेत. सुरतेसारखें बंदर लुटून ६६ लाख आणि कारंज्यासारख्या पेठेंतून एक कोटी, ही तुलनाच वाचकाला थबकवील. स्त्रीवेषानें निसटलेल्या धनिकाचें नांव नाहीं, पेढी नाहीं. आंकड्यांची व नांवांची जी झाडाझडती सुरतेच्या बाबतींत करतां येते ती येथें करतां येत नाहीं. कारंज्याच्या लुटीविषयीं आपण जें सांगतों त्यांत कारंज्याचा आवाज नाहीं.

आमचा आक्षेप येथें कोणा एका ग्रंथकारावर नाहीं. सरकारांना जीं साधनें मिळालीं त्यांचा त्यांनीं कस लावला. दोष तक्त्याच्या रीतीचा आहे. तक्त्यांत सुरत व कारंजें या दोन नोंदी एका मापाच्या अक्षरांत, एकाखालीं एक बसतात. एकीमागें अनेक दिशांनीं आलेली साक्ष आहे आणि दुसरीमागें फारच थोडी, हा भेद त्या अक्षरांत पुसला जातो. पॅरॉसच्या शिळेवर केक्रॉप व मॅरेथॉन यांचें जें झालें तेंच हें.

(५) वऱ्हाडाची जहागीर

तक्त्याचा आणखी एक दोष असा कीं, जें एका दिवशीं घडत नाहीं तें त्यांत शिरूं शकत नाहीं. कारंज्याची नोंद एकटी वाचली तर ती आकस्मिक वाटते. पुण्या-रायगडाकडील फौज एवढ्या लांब वऱ्हाडांत कां आली, आणि तिला येथील वाटा कोणी दाखविल्या, हा प्रश्न वाचकाच्या मनांत उठतो व तसाच राहतो. त्याचें उत्तर पूर्वींच्या दोनतीन वर्षांत आहे. पुरंदरच्या १६६५ च्या तहानें महाराजांनीं २३ किल्ले मोंगलांस दिले. आग्र्याहून परत आल्यावर शाहजादा मुअज्जम याच्या मध्यस्थीनें जो सलोखा झाला त्यांत संभाजीराजांस पंचहजारी मनसब मिळाली, आणि तिच्या खर्चासाठीं वऱ्हाडांत जहागीर नेमून दिली. प्रतापराव गुजर व निराजी रावजी हे पथक घेऊन औरंगाबादेस राहिले, आणि मराठ्यांचीं माणसें वऱ्हाडांत वसूल करूं लागलीं. पुढें आग्र्याच्या प्रवासासाठीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या वसुलीकरितां बादशहानें या जहागिरीचा कांहीं भाग जप्त करविला. १६६९ च्या अखेरीस सलोखा तुटला, त्याच्या कारणांत या जप्तीची गणना सरकार व इतर इतिहासकार करतात. १६७० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत शाहजादा मुअज्जम व दिलेरखान यांच्यांत उघड वैर माजलें, आणि मोंगलांची दक्षिणेंतील फौज त्या भांडणांत गुंतली.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे वर्षाचा अर्थच पालटतो. वऱ्हाड त्या वर्षाच्या एका टोंकाला, सलोखा तुटण्याच्या कारणांत आहे. आणि दुसऱ्या टोंकालाही आहे, कारंज्याच्या रूपानें. ज्या मुलखांतून दोन वर्षें वसूल घेतला त्या मुलखांतील धनाची पेठ कोणती व तिकडे जाण्याची वाट कोणती, हें महाराजांच्या माणसांस ठाऊक असणारच. हें आमचें अनुमान आहे, आणि तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें. पण जहागीर व तिची जप्ती हीं अनुमानें नाहींत. तीं कागदांत आहेत. तरीही सन १६७० च्या तक्त्यांत तीं येत नाहींत, कारण जहागिरीचा वसूल ही लढाई नव्हे व जप्तीच्या हुकुमाचा पोवाडा कोणी रचीत नाहीं. वर्षाच्या घटनांना जोडणारा धागा असा सुटला म्हणजे हातीं राहते ती केवळ मण्यांची मोजदाद.

(६) संग्राहकांस विनंती

यावर कोणी म्हणेल, कारंज्याकडील साधनेंच नसतील तर त्यांचा शोक करून काय लाभ? हा पूर्वपक्ष आम्हांस मान्य नाहीं. कारंजें हें पोथ्यांच्या दृष्टीनें दरिद्री गांव कधींच नव्हतें. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांच्या भट्टारकांचीं पीठें तेथें होतीं, आणि त्यांच्या भांडारांतून ग्रंथ जतन झाले. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत या संग्रहाची ओळख झाली, तेव्हां अपभ्रंश भाषेचा एक मोठा ठेवा विद्वानांच्या दृष्टीस पडला. पुष्पदंताचीं जसहरचरिउ व णायकुमारचरिउ हीं काव्यें कारंजा जैन ग्रंथमालेंतून १९३१ व १९३३ सालीं बाहेर आलीं, तीं याच पुण्याईनें. भाषाशास्त्रज्ञांनीं त्या पोथ्यांच्या काव्यभागाचें चीज केलें. इतिहासकारांनीं त्यांच्या पुष्पिकांचें चीज तितक्या आस्थेनें केलें पाहिजे.

पुष्पिकेंत लेखनाचा संवत् वा शक, मिती, वार, गांव, लिहिणाऱ्याचें नांव, आणि बहुधा लिहविणाऱ्या श्रावकाचें कूळ असतें. शके १५९२ च्या आगेमागें दहा-वीस वर्षांत कारंज्यांत किती पोथ्या लिहिल्या गेल्या, कोणत्या कुळांनीं त्या लिहविल्या, आणि लुटीनंतर हें लिहविणें थांबलें कीं तसेंच चालू राहिलें, एवढें जरी मोजतां आलें तरी एक कोटीच्या आंकड्यापेक्षां त्या गांवाची खरी स्थिति त्यांतून अधिक कळेल. ज्या कुळांचीं नांवें लुटीपूर्वीं येतात तींच नंतरही येत असतील तर गांव सांवरलें असें म्हणतां येईल. नांवें पालटलीं असतील तर तो प्रश्न पुढें चालवावा लागेल. हें काम एका माणसाचें नाहीं, आणि एका भांडारापुरतेंही नाहीं. खासगी घरांतील गाठोडीं, देवस्थानांच्या सनदा, देशमुख-देशपांड्यांच्या ताळेबंदाच्या वह्या व सावकारांच्या रोजकीर्दी हीं सर्व त्यांत मोडतात.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची आग्रहाची विनंती आहे. पोथी हातीं आल्याबरोबर तिचें शेवटचें पान प्रथम उतरून घ्यावें, कारण झिजण्यांत व गळून पडण्यांत पहिलें आणि शेवटचें पान सर्वांच्या पुढें असतें. मिती जशी आहे तशी अक्षरशः लिहावी. तिचें इसवी सनांत रूपांतर करून मूळ टाकून देऊं नये. शब्दांनीं दिलेला शक असेल तर शब्द तसेच ठेवावे. नेत्र, अंक, बाण, चंद्र असे शब्द आले तर वामगतीनें १५९२ होतात. पण एखाद्या शब्दाचे दोन आंकडे संभवत असतील तर निवाडा वार व संवत्सराच्या नांवावरून करावा लागतो, आणि मूळ शब्द गेले तर निवाड्याची वाटच बंद होते. वार असल्यास तो अवश्य घ्यावा, कारण तिथि व वार यांचा मेळ हीच खऱ्या-खोट्याची पहिली कसोटी आहे. विक्रम संवत् असेल तर तो चैत्रादि कीं कार्तिकादि, आणि महिना अमान्त कीं पौर्णिमान्त, याविषयीं पोथींत कांहीं खूण असल्यास तीही टिपावी. पोथी कोणत्या गांवीं, कोणत्या गाठोड्यांत मिळाली तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. हें सारें झाल्यावर नक्कल एका जागीं न ठेवतां निदान दोन ठिकाणीं ठेवावी. सेल्डनची नक्कल नसती तर पॅरॉसच्या शिळेचा वरचा भाग आज कोणासही ठाऊक नसता.

तक्ते करूं नयेत असा या लेखाचा अर्थ कोणीं करूं नये. काळाच्या आधाराशिवाय इतिहास उभा राहत नाहीं, आणि तो आधार देण्याचें काम शकावलीच करते. एवढेंच कीं, ज्या नोंदींत मूळ मिती, रूपांतराची पद्धत व साक्षीदाराचें नांव हीं तिन्ही नाहींत ती नोंद कच्ची समजावी, आणि कच्ची नोंद पक्क्या नोंदीच्या ओळींत बसवूं नये. सन १६७० च्या सहा नोंदींपैकीं पांच या कसोटीला बहुतांशीं उतरतात. सहावी, कारंज्याची, अजून उतरत नाहीं. घटना घडली यांत शंका नाहीं. परंतु तिचें माप अद्याप दुसऱ्यांच्याच हातांत आहे. तें आपल्या हातीं यावें अशी साधनें वऱ्हाडांतील वाड्यांतून व भांडारांतून कदाचित् असतील. तीं वाळवीच्या आधीं संशोधकांच्या हातीं पडोत, एवढी इच्छा प्रकट करून हें विवेचन पुरें करतों.